ताठ कोपरांचा म्हातारा आणि वाळूतलं पोर

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा: तुम्ही रत्नागिरीकडच्या, पुरातत्त्वाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. प्राचीन सांगाड्यांवरच्या रोगखुणांवर प्रबंध लिहिताय. मार्गदर्शकांनी सांगितलंय की सामाजिक सिद्धांताचं एक प्रकरण हवंच. तुम्ही फ्रेंच विचारवंत फूको वाचलात, 'संरचनात्मक हिंसा' वाचलीत, आजाऱ्याच्या शुश्रूषेबद्दलचं नवं लेखन वाचलंत, आणि दोन ठिकाणी अडलात. हे सगळं हाडाला लावायचं कसं? आणि काम कोकणावर करायची इच्छा आहे, पण कोकणात सांगाडेच नाहीत, त्याचं काय?

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

कोकणात हाडं टिकत नाहीत, त्याचं सरळ कारण जमीन. जांभ्याची माती आम्लधर्मी, वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पाणी झिरपत राहतं, हाडातलं खनिज विरघळवून नेतं. देशावर उलटं. घोड नदीच्या काठी इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथल्या मातीत चुन्याचा अंश भरपूर, म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीच्या तान्ह्या मुलांचीसुद्धा हाडं हाती आली. त्यात भर म्हणजे इनामगाव जिच्यातलं ती ताम्रपाषाणयुगातली जोर्वे संस्कृती जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात पसरली, पण घाट उतरून कोकणात आली नाही. तेव्हा इनामगावचे निष्कर्ष उचलून दापोलीला चिकटवता येणार नाहीत. हा मोह बऱ्याच जणांना होतो.

पण जमिनीला सगळा दोष देऊन सुटू नका. कोकणातही हाडं टिकतात अशा जागा आहेत. किनाऱ्यालगतच्या पुळणीत शिंपल्यांचा चुरा असतो, तो मातीतलं आम्ल मारतो. जुन्या कोळीवाड्यांपाशी शिंपल्यांचे ढीग असतात, तिथेही तेच. खरी चाळणी माणसांनी लावलेली आहे. आपल्याकडे बहुतेकांना जाळतात. मग पुरतात कुणाला? दात न आलेल्या किंवा नुकते आलेल्या मुलांना. संन्याशांना. लिंगायतांना, गोसाव्यांना. मुसलमान, ख्रिस्ती, कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्रायली यांना. आणि पूर्वी देवीच्या रोगानं किंवा महारोगानं मेलेल्यांनाही अनेक ठिकाणी जाळत नसत. म्हणजे जमिनीखाली जे काही उरतं, ते 'कोकणातली माणसं' नव्हेच. समाजानं ज्यांना अग्नीपासून वेगळं काढलं ती माणसं. पहिलं दातकोरणं हातात घेण्याआधीच तुमच्यासमोर एक सामाजिक निर्णय पडलेला असतो. सिद्धांत सुरू होतो तो इथे, सिद्धांतासाठी राखलेल्या चौथ्या प्रकरणात नाही.

हे मला पुस्तकातून कळलं असं म्हणायला आवडलं असतं. कळलं ते एका संडासाच्या खड्ड्यात.

वीस-बावीस वर्षं झाली. देवगडच्या बाजूच्या एका वाडीतून फोन आला. शोषखड्डा मारताना बारीक हाडं निघाली होती. पोलीस पाटील येऊन पंचनामा करून गेले होते (हा क्रम पक्का लक्षात ठेवा: हाडं निघाली की आधी पोलीस, मग आपण), आणि कुणीतरी 'शिवकालीन' असा शब्द सोडल्यामुळे मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा हाडं केळीच्या पानावर मांडलेली होती, नैवेद्य मांडावा तशी. कवटीचे पातळ तुकडे, माझ्या बोटाएवढं जाड मांडीचं हाड, आणि जबड्याचा एक अर्धा. दुधाची पहिली दाढ वर आलेली, सुळा अजून हाडातच. म्हणजे सव्वा-दीड वर्षाचं पोर. मी भिंग काढून सगळं पाहिलं. डोळ्यांच्या खोबणीचं छत गुळगुळीत. लांब हाडांवर नव्या हाडाची साय चढते तशी कुठे चढलेली नाही. कोपराची टोकं स्वच्छ. वहीत लिहिलं, 'रोगखूण नाही'.

तेवढ्यात घरातली म्हातारी आली, खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली आणि म्हणाली, "ह्यां आमचांच गो बाय. देवीत गेलेलां."

तिच्या थोरल्या जावेचं पहिलं पोर. देवी आलेल्याला जाळायचं नाही, देवीला चटका बसतो, म्हणून परसात माडाच्या मुळाशी ठेवलं. शिवकाल बाजूलाच राहिला, त्या जावेचा धाकटा भाऊ पडवीत बसून चहा पीत होता. त्यालाही त्याच साथीत देवी आल्या होत्या. तो वाचला. त्याच्याकडे पाहिलं आणि माझा घास अडकला. दोन्ही कोपरं काटकोनाच्या जरा पुढे ताठ. बशी ओठांपाशी नेता येत नव्हती. मान खाली घालून तो ओठ बशीपाशी नेत होता. इतक्या सरावानं, की बघणाऱ्याला क्षणभर कळूही नये.

लहान वयात देवी होऊन वाचलेल्या काही मुलांत विषाणू सांध्यालगतच्या हाडात उतरतो. कोपर ही त्याची आवडती जागा, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंची. सांध्याची वाढ बिघडते, पुढे तो आखडतो. असा सांगाडा टेबलावर आला तर सराव असलेला माणूस 'देवी असण्याची शक्यता' लिहील. मेलेल्या पोरात मात्र काही सापडणार नाही, कारण ते दहा-पंधरा दिवसांत गेलं आणि हाडाला उत्तर द्यायला तेवढा वेळ पुरत नाही.

तो म्हातारा पुढे काही वर्षांनी वारला. समुद्राकाठच्या मसणवटीत जाळला. आता हजार वर्षांनंतरच्या पुरातत्त्वज्ञाच्या जागी बसून पाहा. ज्याच्या हाडावर रोग लिहिलेला होता तो राख झाला. जे जमिनीत उरलं त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही. त्या वाडीचा अहवाल काय येईल? 'एक बालक, रोगखूण नाही.' आणि वाडी तर देवीनं निम्मी झालेली.

यातला अर्धा भाग शास्त्रात १९९२ पासून सगळ्यांना पाठ आहे. जेम्स वुड आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी त्याला 'अस्थिविरोधाभास' अशा अर्थाचं नाव दिलं. खूण असलेलं हाड हे पुष्कळदा तगून राहिलेल्याचं हाड असतं. स्वच्छ हाडाचा मालक निरोगी होता की पहिल्याच झटक्यात गेला, ते हाड सांगत नाही. पटकी, प्लेग हाडापर्यंत पोचायच्या आधीच माणूस नेतात. प्लेगचा पुरावा हवा तर दाताच्या गाभ्यातला जंतूचा डीएनए शोधावा लागतो. म्हणून 'या थरात खुणा जास्त, म्हणजे आजार जास्त' हे वाक्य तुमच्या प्रबंधात कुठे असेल तर आजच खोडा. उरलेला अर्धा भाग, म्हणजे कोण पुरला गेला आणि कोण नाही, तो गणितानं सुटत नाही. तिथे समाज समजून घ्यावा लागतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. सिद्धांत हाडाला लावायचा कसा? माझा नियम एकच आहे: सिद्धांताला हरायची संधी द्या. तो वापरण्याआधी लिहून काढा, की हे खरं असेल तर हाडांत काय दिसायला हवं आणि खोटं असेल तर काय. दोन्हीकडे एकच उत्तर येत असेल, तर तो सिद्धांत तुमच्या सामग्रीसाठी निव्वळ दागिना आहे.

संरचनात्मक हिंसेचं घ्या. योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये ही कल्पना मांडली, पॉल फार्मर यांनी पुढे ती हैतीतल्या क्षयाला आणि एड्सला लावली. मुद्दा असा, की कुणी कुणाला काठीनं मारत नाही, पण व्यवस्थाच अशी असते की ठरावीक लोक लवकर मरतात. कोकणात याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची सत्ता. पिकवायचं कुळानं, भात जायचं खोताच्या घरी, कुळाच्या चुलीवर नाचणीची आंबील नाहीतर वरीचा भात. या जाचाविरुद्ध अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून कित्येक वर्षं जमिनी न कसता संप चालवला, आंबेडकरांनी १९३७ साली खोती मोडायचं विधेयक मांडलं, कायदा मात्र १९४९ साली आला. समजा, अशा गावातले खोत आणि कुळं दोघांचेही सांगाडे मिळाले. सिद्धांत म्हणेल, कुळाच्या हाडांवर उपासमार दिसेल.

दिसेल? नाचणीत तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असतं. हाडांच्या बाबतीत कुळाचं ताट खोताच्या ताटापेक्षा सरस ठरू शकतं! अन्याय खरा, पण तो या हाडात उलटा उमटेल, किंवा उमटणारच नाही. मग तो शोधायचा कुठे? मुलांच्या दातांच्या एनॅमलवरच्या आडव्या रेघांत. दात घडत असताना पोर आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं की एनॅमलची घडण तेवढ्यापुरती थांबते आणि रेघ उरते, जन्मभर. पावसाळा संपता संपता, भात घरात यायच्या आधीच्या टंचाईच्या महिन्यांशी त्या रेघांचा मेळ बसतो का, हे विचारता येतं. हा प्रश्न हरू शकतो, म्हणून चांगला.

आहार शोधायला समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या जड-हलक्या अणूंचा, उपयोग होतो, पण कोकणात तिथे एक खड्डा आहे, तो सांगून ठेवते. भात एका पद्धतीनं कार्बन घेतो, नाचणी आणि वरी दुसऱ्या. हाडातल्या कार्बनवरून भात खाणारा आणि नाचणी खाणारा वेगळे काढता येतात असं तुम्ही वाचलं असेल. देशावर येतात. आपल्याकडे मासळी मध्ये येते. समुद्राचे मासेही कार्बनचं प्रमाण नाचणीच्याच दिशेला ढकलतात. मासळीनं वाढणारा नायट्रोजन सोबत मोजला नाहीत तर सुरमई खाणारा भंडारी आणि नाचणी खाणारं कुळ एकाच खणात पडतील, आणि तुम्ही त्यावर वर्गसंघर्षाचं सुंदर प्रकरण लिहून मोकळ्या व्हाल.

संरचनात्मक हिंसेचा चांगला वापर पाहायचा असेल तर हडप्पाच्या सांगाड्यांवरचं ग्वेन रॉबिन्स शुग आणि सहकाऱ्यांचं काम वाचा, २०१२ आणि २०१३ चं. कवट्यांवरच्या जखमा आणि संसर्ग यांची तीन दफनभूमींत तुलना केली, आणि नियमित दफनभूमीबाहेर ठेवलेल्या लोकांत दोन्ही जास्त निघालं. 'सिंधू संस्कृती शांततेची होती' या गोड समजुतीला त्यामुळे तडा गेला. युक्तिवाद टिकला तो तीन गट होते म्हणून. एका सांगाड्यावर हिंसेची व्यवस्था दाखवता येत नाही, दाखवता येते ती एक जखम.

फूकोबद्दल माझं मत जरा कडू आहे. माणसांच्या शरीरांची मोजदाद करणारी, ती तपासणारी, कोंडून ठेवणारी सत्ता असेल तिथे तो लागू पडतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीस आला, गोव्यातल्या अर्पोऱ्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून पळाली, त्यात गिरण्या-गोद्यांतले आपले कोकणी बोटीत बसून घरी आले. मागोमाग १८९७ चा साथरोग कायदा. बंदरावर उतरणाऱ्याच्या काखा-जांघा चाचपायच्या, प्रेत न्यायच्या आधी तपासायचं, घरं धुऊन काढायची, माणसांना छावणीत टाकायचं. त्या काळातलं एखादं दफन निघालं तर खुशाल फूको वापरा. चिखलमातीच्या घरात राहणाऱ्या, राजा नसलेल्या, लिहिता न येणाऱ्या वस्तीवर तो लादलात तर तुम्हाला पुन्हा तोच सापडेल.

त्यापेक्षा मला जुनंच एक चौकट-साधन कामाचं वाटतं. नॅन्सी शेपर-ह्यूज आणि मार्गारेट लॉक यांनी १९८७ मध्ये तीन शरीरांची कल्पना मांडली: स्वतः भोगलेलं शरीर, समाजानं अर्थ दिलेलं शरीर, आणि सत्तेनं ताबा घेतलेलं शरीर. पडवीतल्या त्या म्हाताऱ्यावर लावून पाहा. ठणकणारं, न वाकणारं कोपर त्याचं स्वतःचं. 'रोग' न म्हणता 'देवी आल्या' म्हणणं, घरात फोडणी बंद ठेवणं, पोराला न जाळणं, हा समाजाचा अर्थ. आणि वाडीत येऊन दंडावर देवी काढणारा, म्हणजे लस टोचणारा, सरकारी माणूस, ज्याला बघून बायका पोरं माळ्यावर लपवत, तो सत्तेचा. १९७५ मध्ये भारतातली देवी संपली ती या तिसऱ्यामुळे. हाडावर उमटतं फक्त पहिलं. दुसरं दफनाच्या पद्धतीत उमटतं, तिसरं दप्तरात. म्हणून प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, आपण आत्ता कोणत्या शरीराबद्दल बोलतोय आणि पुरावा कोणत्या शरीराचा आहे. निम्मी गल्लत तिथेच मिटते.

शुश्रूषेचा मुद्दा तुम्ही मोठ्या उत्साहानं लिहिलाय. समजू शकते, मीही त्याच्या प्रेमात होते. लोर्ना टिली यांनी व्हिएतनाममधल्या मान बाक इथल्या एका तरुणाच्या सांगाड्यावर ही पद्धत बांधली, २०११ साली प्रसिद्ध झालं. जन्मतः मणके जुळलेले, पुढे हातापायांत बळ राहिलं नाही, तरी तो साधारण दहा वर्षं तसा जगला. चार हजार वर्षांपूर्वी. भरवणं, स्वच्छता, कूस बदलणं, हे कुणीतरी केल्याशिवाय शक्य नाही. इथे युक्तिवाद घट्ट आहे, कारण काळजीवाचून जगणंच अशक्य होतं.

पण सगळी प्रकरणं अशी नसतात. कॅथरीन डेटवायलर यांनी १९९१ मध्येच बजावलं होतं, की पंगू हाड दिसलं की 'करुणा' लिहू नका. ज्याला आपण ओझं समजतो तो कदाचित कामाचा माणूस असेल. मला हे त्या म्हाताऱ्यापाशी पटलं. त्याला माडावर चढता येत नव्हतं, रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढता येत नव्हता. पण पुळणीवर उभं राहून पाण्याच्या रंगावरून मासळीचा थवा हेरायचा तो. रापणीत त्याला अर्धा नाही, पुरता वाटा. मी शहाणपणानं म्हातारीला म्हटलं, गावानं सांभाळलं त्याला. ती माझ्याकडे बघतच राहिली. त्यानं गावाला सांभाळलं असं तिचं म्हणणं होतं. त्याच्याशिवाय जाळं टाकायचं कुठे? ताठ कोपर टेबलावर आलं असतं, तर मी 'परावलंबी' लिहिलं असतं.

कलंकाचा विषय महारोगाशिवाय पुरा होत नाही. राजस्थानात बालाथळला इसवीसनापूर्वी २००० च्या सुमाराचा, पस्तिशी ओलांडलेल्या पुरुषाचा सांगाडा आहे. नाकाच्या कडा आणि टाळू झिजलेली, महारोगाची भारतातली अतिशय जुनी खूण म्हणून २००९ मध्ये तो जाहीर झाला. दगडी आवारात, जळलेल्या शेणाच्या राखेत पुरलेला. हा बहिष्कार की मान? राख शुद्धीची म्हणावी तर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि असा माणूस एकच. मी तिथे थांबते. याच्या उलट इंग्लंडमध्ये विंचेस्टरच्या मध्ययुगीन महारोगी-आश्रमाची दफनभूमी. तिथे माणसं नीट खोदलेल्या खड्ड्यांत, काळजीनं ठेवलेली निघाली. एका तरुणापाशी तर यात्रेकरूचा शिंपला होता. मध्ययुगात महारोग्याला गावाबाहेर हाकलत, एवढंच वाचून गेलेल्यांची पंचाईत झाली.

इनामगावचं एक निरीक्षण मला नेहमी टोचतं, तेही घ्या. तिथे मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरायची रीत होती. मेलेल्यानं परत चालत येऊ नये म्हणून असावी, असा उत्खननकर्त्यांचा कयास. चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष मात्र पायांसकट होता, म्हणून तो कुणी मोठा मानतात. पुरेपूर सामाजिक पुरावा. पण रोगाच्या बाजूनं बघा: महारोग उमटतो नाकात, हातांच्या आणि पायांच्या बोटांच्या हाडांत. पायच नसतील तर निम्मा पुरावा विधीनं काढून नेला. तिथल्या मोठ्या माणसांत महारोग नव्हता असं कुणी म्हणालं, तर मी विचारीन, कोणत्या पायांवरून?

व्यवसाय ओळखण्याबद्दल थोडक्यातच, कारण तुमचा तो भाग सगळ्यात कच्चा आहे. डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बायकांच्या मानेचे मणके झिजतात, हे खरं. पण म्हातारपणानंही झिजतात. स्नायूंच्या जोडाच्या खुणांचा संबंध कामापेक्षा वयाशी आणि शरीराच्या आकाराशी जास्त लागतो, असं पुन्हा पुन्हा दिसलंय. तेव्हा वय न ठरवता 'कोळीण' लिहू नका. घोट्याजवळची उकिडवं बसण्याची खूणही आपल्याकडे काही सांगत नाही. विळीवर, चुलीपुढे, परसात सगळेच तसे बसत. आणि पाणबुड्यांच्या कानात हाड वाढतं ते थंड पाण्यामुळे. आपला समुद्र कोमट. कोकणच्या कानात ते शोधण्यात दिवस घालवू नका, मी एक आख्खा उन्हाळा घालवलाय.

आता काम कुठे करायचं. उत्तरेला संजाण बघा. आज ते गुजरातेत, पण जुन्या कोकणाच्या हद्दीतलंच. राष्ट्रकूटांच्या काळात तिथे अरब अधिकारी होता, हे चिंचणीच्या ताम्रपटांवरून कळतं. २००२ पासूनच्या उत्खननात तिथे पारशी दोखमा (मृतदेह उघड्यावर ठेवायची गोल वास्तू, मधे हाडांची विहीर) सापडला, आत माणसांची हाडं, आणि त्यांच्यावरचं डीएनएचं काम २०१७ मध्ये आलं. आईकडून येणाऱ्या वंशरेषांपैकी जवळपास निम्म्या दक्षिण आशियाई निघाल्या. रोगाच्या दृष्टीनं ही सामग्री अवघड, कारण दोखम्यात हाडं एकमेकांत मिसळतात. 'किती माणसांना रोग' हे विचारताच येत नाही, 'किती उजव्या नडग्यांवर खूण' एवढंच मोजता येतं. पण तुमच्यासारखीला ते बरं. जिथे श्रीमंत-गरीब सगळे एकाच विहिरीत जातात, तिथे दफनातून दर्जा वाचायचा मार्गच बंद. सिद्धांताला तोल सांभाळावा लागेल.

शिवाय पुण्यात जाऊन इनामगावच्या मुलांचे दात महिनाभर स्वतः बघा. तुलनेसाठी नजर तयार व्हायला हवी. आणि पावसाआधी किनाऱ्याच्या चार वाड्या फिरा, म्हाताऱ्या बायकांना विचारा, लहान पोर गेलं की कुठे ठेवायचे, देवीत गेलं तर कुठे, गोवरात गेलं तर कुठे. पुरुषांना विचारू नका, त्यांना स्मशान माहीत असतं, परस माहीत नसतं. हे खोदण्यासाठी नाही. कोणतं मरण कोणत्या जमिनीत गेलं याचा नकाशा हाती असल्याशिवाय उद्या तिथे निघालेल्या हाडाचा अर्थ लागणार नाही. कुणाची कबर उकरायचा विचारही नको. अलिबागजवळच्या नवगावचं बेने इस्रायलींचं कबरस्तान असो की कुणाच्या परसातला माड.

त्या दिवशी मी मापं घेतली नाहीत. म्हातारीनं जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, आम्ही हाडं त्यात बांधली, आणि शोषखड्डा सहा हात पलीकडे सरकला. परत येताना एसटीत वही उघडली आणि 'रोगखूण नाही' खोडलं. तेव्हापासून माझ्या नोंदपत्रकात तीन रकाने असतात: खूण आहे, खूण नाही, पाहता येणं शक्य नाही. तुमच्या पत्रकात दोनच दिसले. तिसरा घाला, आणि शेजारी थोडी जागा सोडा, का शक्य नाही ते लिहायला: माती, वेळ, अग्नी की माणसं.